कपडे सांभाळणारा पाहिजे

पाण्यात उतरताना अंगावर काहीच नसावं, अशी इच्छा सभ्य माणसालाही कधी ना कधी होतेच. डोंगरातला स्वच्छ ओढा असतो, दुपार तापलेली असते, आसपास चिटपाखरू नसतं आणि पिशवीत पोहण्याचे कपडे नसतात. इथून पुढे माणूस जो काही विचार करतो तो सगळा शरीराविषयी करतो. पोट दिसेल, कोणी बघेल, लोक काय म्हणतील, वगैरे. या विषयाचा मी काठावर बसून बराच अभ्यास केलाय, आणि माझं मत असं की नागव्याने पोहण्यात शरीराचा प्रश्न फारसा येतच नाही. शरीर पाण्याखाली असतं. प्रश्न येतो कपड्यांचा, कारण ते वर असतात.

या प्रश्नावरचा आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला खटला भागवताच्या दशम स्कंधात, बाविसाव्या अध्यायात आहे. महिना मार्गशीर्ष, वेळ पहाटेची, पाणी यमुनेचं. गोपींचं कात्यायनीचं व्रत चालू होतं. काठावर कपडे ठेवून त्या स्नानाला उतरल्या. पुढचं आपण कीर्तनांतून इतक्यांदा ऐकलंय की त्यातला व्यवहाराचा मुद्दा निसटूनच जातो. एवढ्या जणी गेल्या, पण कपड्यांपाशी एकीलाही बसवलं नाही. कृष्ण कपडे घेऊन कदंबावर चढला आणि वर बसून त्याने उलट त्यांनाच सुनावलं, की व्रतात असताना विवस्त्र होऊन पाण्यात उतरलात, हा देवांचा अपराध झाला. आता मार्गशीर्षातल्या पहाटे, गळ्याइतक्या पाण्यात कुडकुडत उभं राहून धर्मशास्त्रावर वाद घालणार कोण? कपडे ज्याच्या हातात, शास्त्र त्याच्या बाजूने. द्वापरयुगापासून यात काही बदल झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मनुस्मृतीतही ही ताकीद आहे. चौथ्या अध्यायातल्या पंचेचाळिसाव्या श्लोकात मनूने तीन गोष्टी एका दमात सांगून टाकल्यात. एकाच वस्त्रानिशी जेवायला बसू नये, नग्न होऊन स्नान करू नये आणि रस्त्यात लघवी करू नये. महाराष्ट्रातल्या पुरुषांनी यातलं मधलं कलम किती कसोशीने पाळलं आणि तिसऱ्याचं काय केलं, ते कुठल्याही एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीला विचारावं.

मधलं कलम पाळता पाळता आपल्या लोकांनी एक विद्या मात्र कमावली. वाईला कृष्णेच्या घाटावर सकाळी एखाद्या जुन्या माणसाला कपडे बदलताना बघावं. कमरेला ओला पंचा असतो. त्याच्यावरूनच तो कोरडं धोतर गुंडाळतो आणि एक टोक दातांत धरतो. दात गुंतल्यामुळे बोलणं बंद, पण शेजाऱ्याच्या जमिनीच्या दाव्याला हुंकार चालू. मग धोतराच्या आत एक हात जातो, काहीतरी सुटतं, ओला पंचा घोट्यापाशी येऊन पडतो. तो पायाच्या अंगठ्याने उचलून बाजूच्या पायरीवर. तोवर वर निऱ्या झालेल्या, कासोटा मारलेला. शंभर माणसांदेखत सगळं होतं आणि इंचभरही काही उघडं पडत नाही. बायकांची तर त्याहून कमाल. ओल्या लुगड्यावरून कोरडं नेसायचं, ओलं खालून मोकळं करायचं, आणि या सगळ्या खटाटोपात सुनेची गाऱ्हाणी क्षणभर थांबायची नाहीत. हल्ली पोहणाऱ्यांसाठी गळ्याचं भोक ठेवलेला टॉवेलचा झगा मिळतो. पंच्याला असं भोक पाडायची वेळ कधी आली नाही.

कपडे घालून पाण्यात उतरणं म्हणजे सुरक्षित, ही समजूतही एकदा तपासून घ्यावी. एकोणिसाव्या शतकात इंग्रज पुरुष समुद्रात खुशाल विवस्त्र पोहत. मग सभ्यतेची लाट आली आणि चड्डीची सक्ती सुरू झाली. फ्रान्सिस किल्व्हर्ट नावाच्या एका पाद्र्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १८७४ च्या उन्हाळ्यात वाइट बेटावरच्या शँक्लिन गावी तो समुद्रस्नानाला गेला, तर तिथे चड्डी घालणं भाग पडलं. लाटांनी ती खेचून घोट्यांपाशी आणली, पाय बांधले गेले, पुढच्या लाटेने त्याला धारदार गोट्यांवर आपटलं आणि रक्त निघालं. म्हणजे चड्डी असून लाजही गेली आणि कातडीही. पाद्रीबुवांनी हा अनुभव चांगलाच फणकाऱ्याने लिहून ठेवलाय.

अमेरिकेचे सहावे अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांना तर कपड्यांनी जवळजवळ बुडवलंच. हा गृहस्थ पहाटे उठून पोटोमॅक नदीत विवस्त्र पोहायचा. राष्ट्राध्यक्ष असताना. १८२५ च्या जूनमध्ये अँटवान नावाच्या नोकराला घेऊन तो होडीतून निघाला. मुलाला होडी धोक्याची वाटली, तो पोहतच येणार होता. पैलतीरी जायचं आणि पोहत परत यायचं, असा बेत. मध्येच वारा उठला, गळकी होडी भरली, दोघांनी उड्या मारल्या. सत्तावन्न वर्षांच्या अध्यक्षांनी बाकीचं बरंचसं उतरवलं होतं, पण सदरा अंगात होता. त्याच्या ढगळ बाह्यांत पाणी भरलं आणि दोन्ही हातांना वजनं लटकल्यागत झालं. कसेबसे काठाला लागले. होडीबरोबर कपडेही गेलेले. मग उरलंसुरलं काय ते अँटवानच्या अंगावर चढवून त्याला पुलापलीकडे घरी निरोप धाडायला पिटाळलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष मागाहून पोहत आलेल्या चिरंजीवांसह काठावर उघडे बसून राहिले. घर म्हणजे व्हाइट हाउस. गाडी आणि कपडे यायला बराच वेळ लागला. सगळा देश हाताशी आहे, फक्त विजार नाही!

आपल्याकडे राष्ट्राध्यक्ष सोडा, साधा माजी सरपंच असा सापडला तरी भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ पुढे येतं. सार्वजनिक जागी, इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंघोळ अश्लील कधी होते हे कोर्टाने ठरवायचं, पण यात दुसऱ्याला त्रास व्हावा लागतो हे महत्त्वाचं. त्रास करून घेणारा माणूस महाराष्ट्रात प्रत्येक झुडपामागे विनामूल्य उपलब्ध आहे. उलट त्र्यंबकेश्वरला सिंहस्थात नागा साधू कुशावर्तावर निघाले की पोलीस स्वतः दोर लावून त्यांना वाट करून देतात. पण त्यासाठी घरदार सोडून आखाड्यात जावं लागतं. शनिवार-रविवारपुरती सवलत नाही.

फोटो हा यातला दुसरा काटा. मिलिंद सोमण २०२० च्या नोव्हेंबरात, पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावला. धावला तेव्हा काही झालं नाही. फोटो समाजमाध्यमावर टाकला आणि गुन्हा दाखल झाला. तेव्हा गुपचूप करायचं ते गुपचूपच ठेवावं. आणि झुडपाआडून एखाद्या बाईचा असा फोटो काढणाऱ्याने त्याच संहितेचं कलम ७७ वाचून ठेवावं. तिथे पहिल्याच वेळी कमीत कमी एक वर्षाची कैद आहे. म्हणजे कायद्याच्या हिशेबीही बघणारा हा पोहणाऱ्यापेक्षा मोठा गुन्हेगार. गोव्याला हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी उघडे पडायचे त्या काळात त्यांना बघायला बसगाड्या भरभरून आपले लोक जात. हिप्पी पुढे पांगले, पण बघायची ती हौस आपण जपून ठेवलीय. बायकांना म्हणूनच हा बेत आखताना पाण्याच्या आधी काठ तपासावा लागतो.

बघणारे नसलेला देश म्हणजे जर्मनी. तिथे विवस्त्र पोहण्याची रीतसर चळवळ आहे, शंभरावर वर्षांची. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० च्या दशकात बाल्टिकच्या किनाऱ्यावर बंदी घालून पाहिली. एरवी सरकारपुढे चकार शब्द न काढणारी जनता या बाबतीत अशी हटून बसली, की १९५६ मध्ये नियम करून परवानगी द्यावी लागली. माझा पुतण्या बर्लिनला असतो. तो सांगत होता,

“काका, इथे तळ्यावर सगळे तसेच पोहतात. कोणी कोणाकडे बघतसुद्धा नाही.”

“मग तुला कसं कळलं?”

फोन तिकडूनच कट झाला.

पण जर्मन शिस्तीलाही कपड्यांच्या बाजूने तडा जातोच. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड जंगलात टॉयफेल्सझे नावाचं तळं आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिथे एक रानडुकरीण पिल्लं घेऊन आली आणि एका विवस्त्र गृहस्थाची पिवळी पिशवी तोंडात धरून निघाली. पिशवीत लॅपटॉप. गृहस्थ होते तसेच उठले आणि सगळ्या तळ्यासमोरून डुकरिणीमागे धावले. न बघण्याची शंभर वर्षांची परंपरा त्या दिवशी मोडली. पिशवी मिळाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या धावपळीचा फोटो जगभर गेला, तोही त्यांनी खुशीने जाऊ दिला. या घटनेत लॅपटॉप वाचला म्हणून लोक हसतात. मी विचार करतो की पिशवीत विजारही असती तर?

सह्याद्रीत रानडुक्कर दिवसा सहसा समोर येत नाही. तिथे माणूस येतो.

आमचे एक स्नेही, बँकेतून निवृत्त, साताऱ्याकडच्या डोंगरात भटकायला गेले होते. डोह बघून त्यांची मती फिरली. चारी दिशांना नजर टाकून, कपडे घडी करून (बँकेची सवय) खडकावर ठेवून ते उतरले. पाणी गार, आभाळ निळं. पाचेक मिनिटं परमानंदात गेली असतील, तोच वरून घुंगराचा आवाज आला. म्हशी आल्या. मागून पटकेवाले आजोबा. आजोबा सरळ त्या खडकापाशी आले, घडीशेजारी टेकले, चंची काढली.

“पाव्हणं, कुठलं म्हनायचं?”

“पुण्याचा.” स्नेही हनुवटीपर्यंत खाली गेले.

“पुन्यात कुटं?”

“कोथरूड.”

“आमचा धाकला हडपसरला आसतो. वळखत आसशीला.”

“नाही हो... आजोबा, जरा तो टॉवेल—”

“ऱ्हाऊ द्या की. कोन नेतंय? मी हाय न्हवं बसल्याला.”

नोकरी सरकारी का पराविट, पेन्शन किती बसली, पोरं किती, लग्नाची कोण ऱ्हायली, कोथरूडला गुंठ्याचा दर काय. मुलाखत रंगत गेली. दरम्यान म्हशीही पाण्यात आल्या. आजोबांनी धीर दिला, “गरीब हायती. ती कपाळावर पांढरं हाय ती तेवढी शिंगं हालवती.” ती नेमकी स्नेह्यांच्या शेजारी येऊन बसली. ते सरकत सरकत डोहाच्या दुसऱ्या अंगाला निघाले, तसे आजोबा एकदम कडाडले, “त्या कातळाकडं जाऊ नगासा! वरनं दिसत न्हाई, पर खाली कपार हाय. आडाकला मानूस गावत न्हाई.”

स्नेही जागच्या जागी थिजले. आजोबांनी तंबाखूची चिमूट दाढेला लावली आणि म्हणाले, “तसं मी वरनं कवाचा बघतुया. काठाला कापडं आन मानूस दिसंना. म्हनलं बुडालं का जीव दिला, बघावं जाऊन. म्हनून तर आलो.” आणि उठले. जाताना म्हशी मात्र नेल्या.

स्नेही ही गोष्ट लाज गेल्याची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. काठावरची घडी, वर चष्मा, शेजारी चपला आणि पाण्यात कोणी नाही, याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. अर्ध्या तासात गाव जमतो, पोलीस पाटील येतात, गळ टाकले जातात. गुपचूप पोहणाऱ्याने तर कपडे असे मांडून ठेवूच नयेत. पण लपवून ठेवावेत तर त्यालाही शास्त्र आहे. झुडपावर टांगायचे असतील तर आधी झुडूप ओळखावं. पावसाळा सरला की सह्याद्रीत खाजकुयलीच्या वेलाला मखमली लव असलेल्या शेंगा लागतात. ती लव कपड्याला लागली आणि तो कपडा तुम्ही कोरड्या, उघड्या, नुकत्याच पुसलेल्या अंगावर चढवलात, तर पुढचं मला लिहवत नाही. उघड्यावर ठेवावेत तर माकडं. नदीकाठच्या खालच्या खडकावर ठेवावेत तर वर धरण आहे का ते आधी विचारावं. वरून पाणी सोडलं की आधी कपडे जातात, मागोमाग मालक. भोंगा ऐकू आला की वस्त्राची चिंता न करता काठावर उंच जागी पळावं, हा एकच प्रसंग असा आहे की जिथे मी नागव्या धावणाऱ्याच्या संपूर्ण बाजूने आहे. समुद्रावर भरतीचं गणित. कोकणात उतरत्या वाळूवर हौसेने लावलेल्या मोटारी समुद्र दरवर्षी आत ओढतो, तिथे चड्डीची काय कथा!

रात्री पोहावं म्हणजे कोणी बघणार नाही, हा एक लाडका विचार. कोकणच्या किनाऱ्यावर कधीकधी पाण्यात सूक्ष्म जीवांची दाटी होते आणि पाणी हललं की ते निळं चमकतं. जितके हातपाय माराल तितका उजेड. अंधाराच्या भरवशावर उतरलेल्या माणसाचा दिवाळीचा आकाशकंदील होतो. आणि पाणी चमकलं नाही तर ते आणखी वाईट, कारण मग बुडतानाही कोणाला दिसत नाही. काही लोक धीर यावा म्हणून काठावर आधी बाटली उघडतात. धीर येतो, पोहणं जातं. अनोळखी डोहात सूर मारणाऱ्यांचंही तेच. गार पाण्यात एकदम पडलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि नाक त्या वेळी कुठे असेल ते आपल्या हातात नसतं. म्हशीसारखं सावकाश उतरावं आणि पहिला मिनिटभर नुसतं तरंगावं.

आणि कोणी बघितलंच तर? ऑक्सफर्डला चेरवेल नदीवर पुरुषांच्या विवस्त्र स्नानाची एक राखीव जागा होती, ती १९९१ मध्ये बंद झाली. तिथली एक आख्यायिका आहे. बायकांची होडी अचानक समोर आली तशी सगळ्या प्राध्यापकांनी टॉवेल कमरेला धरले. त्यांच्यातल्या मॉरिस बावरा यांनी एकट्याने तो तोंडावर घेतला. विद्यापीठात मला लोक चेहऱ्यावरून ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. उपाय नामी आहे, पण त्यालासुद्धा टॉवेल हाताशी लागतो.

म्हणजे सगळं फिरून एका माणसापाशी येतं. कोणी नसावं ही हौशी माणसाची अट, आणि एकट्याने उतरू नये ही पाण्याची. दोन्ही सांभाळायच्या तर काठावर एक पूर्ण कपड्यांतला, विश्वासू मनुष्य बसवायला हवा. त्याने कपड्यांवरून उठायचं नाही, आल्यागेल्याला गप्पांत गुंतवायचं, आणि आपल्याकडे बघायचं नाही पण आपल्यावर लक्ष ठेवायचं. त्याला पोहता आलं तर उत्तम, निदान दोर फेकता यावा. ही नोकरी मी दोन मित्रांना सुचवून पाहिली. एकाने विषय बदलला, दुसऱ्याने प्रकृतीची चौकशी केली. साडूंना विचारलं असतं, पण सासुरवाडीला कळायला नको.

शेवटी घरातच विषय काढला.

“अगं, समजा एखाद्या आडबाजूच्या ओढ्यावर मी पोहायला उतरलो. म्हणजे, मोकळा. तर तू बसशील काठावर?”

“बसेन की,” ती मेथी निवडत म्हणाली. मला वाटलं होतं त्याच्या शतांशानेही तिला धक्का बसला नाही.

“कपड्यांवर लक्ष ठेवावं लागेल.”

“लक्ष काय ठेवायचं? रिकामी का बसू? साबण घेऊन येते. नाहीतरी प्रवासात तुम्ही तोच शर्ट दोन-दोन दिवस घालता. वाहतं पाणी आहे, धुऊन टाकते सगळं.”

“अगं, पण मग मी बाहेर कसा येऊ?”

“वाळल्यावर.”